साठवलेली जाग

पुण्यातल्या अभ्यासिका उशिरापर्यंत भरलेल्या असायच्या, त्या काळात उत्पला मेश्राम संध्याकाळी पाच वाजता अंथरुणावर पडायची आणि सकाळी सूर्य बराच वर आल्यावर उठायची. दोन वर्षं तिचा हाच नेम होता. नारायण पेठेतल्या खोलीत तिच्यासोबत राहणारी शलाका एकदा म्हणाली, "आपण एका खोलीत राहतो हे मला फक्त दारातल्या चपलांवरून कळतं."

उत्पला आळशी नव्हती. ती झोप साठवत होती.

हे तंत्र तेव्हा नवं होतं. आपल्या मेंदूत चेतापेशींच्या आजूबाजूला ताऱ्याच्या आकाराच्या दुसऱ्या पेशी असतात. चेतापेशींना खाऊपिऊ घालणं आणि त्यांचा कचरा काढणं हे त्यांचं काम. गाढ झोपेत या पेशी साखरेचा छोटासा साठा करून ठेवतात आणि दिवसभर तो वापरला जातो. साठा संपत आला, कचरा वाढला, की डोळे मिटायला लागतात. शास्त्रज्ञांना या साठ्याची मर्यादा वाढवण्याची युक्ती सापडली. रोज एक गोळी आणि झोपताना कपाळाला बांधायची एक पट्टी. पट्टीतून येणारे मंद स्पंद झोप अधिक गाढ करायचे आणि पेशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त साठा करायच्या. भरताना गळती भरपूर व्हायची, पण उरायचं तेही थोडं नव्हतं. नंतर हवं तेव्हा हा साठा काढायचा आणि न झोपता ताजंतवानं राहायचं.

बर्फातल्या चौक्यांवरचे जवान आणि समुद्रातल्या तेलविहिरींवरचे कामगार यांच्यावर आधी प्रयोग झाले. हात थरथरत नव्हते, हिशेब चुकत नव्हते, चिडचिड होत नव्हती. मग ही गोष्ट पेठांमधल्या परीक्षार्थींपर्यंत पोचायला किती वेळ लागणार? मुलांनी त्या पट्टीला 'झोपपट्टी' असं नावही देऊन टाकलं. पाषाणच्या टेकडीमागच्या एका संशोधन संस्थेला माणसं हवीच होती. उत्पलाने नाव नोंदवलं. राज्यसेवेची परीक्षा दोन वर्षांवर होती आणि हातातले पैसे पाहता ती तिची शेवटची संधी होती. आधी झोपून घ्यायचं आणि मुख्य परीक्षेआधीचे तीन महिने दिवसरात्र वाचायचं, असा तिचा बेत होता.

या बेतापायी बरंच काही सुटलं. सगळ्यात जास्त बोचलं ते मोठ्या बहिणीला. संघमित्रा तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर पवनीच्या घरात तिनेच उत्पलाला वाढवलं होतं. नागपुरात संघमित्राचं लग्न झालं, त्या दिवशी संध्याकाळी सगळी मंडळी जेवायला बसत होती आणि उत्पला वरच्या खोलीत कपाळाला पट्टी बांधत होती. संघमित्रा साडीचा घोळ सावरत जिना चढून वर आली.

"काय करून राहिली तू? माझ्या लग्नात झोपतेस?"

"ताई, एक दिवस चुकला तर मागचा साठा उतरतो गं."

संघमित्राने दाराशेजारच्या बटणाकडे हात नेला. "जाग मग कधीतरी," असं म्हणून तिने दिवा मालवला आणि ती खाली गेली.

*

पूर्व परीक्षा पार पडली आणि मुख्य परीक्षेला तीन महिने उरले तेव्हा उत्पलाने साठा काढायला सुरुवात केली. पहिले काही दिवस तिला हसू आवरत नव्हतं. डोकं धुतलेल्या काचेसारखं स्वच्छ होतं. शलाका झोपायची तेव्हा ती वाचत असायची आणि शलाका उठायची तेव्हाही वाचतच असायची. अर्थव्यवस्था संपवली, भूगोल संपवला, राज्यघटना पुन्हा पहिल्यापासून घेतली. इतकं सोपं काही आपल्या वाट्याला येऊ शकतं, यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

दुसरा आठवडा संपता संपता दोघी नाश्त्याला बसल्या होत्या. शलाका पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाली, "तू त्या दिवशी पाणीवाटपाच्या लवादांचं जे समजावलंस ना, ते एकदम डोक्यात बसलं. वरच्या राज्याचा हक्क कुठे संपतो ते मला आजवर कोणी नीट सांगितलंच नव्हतं."

"कोणी समजावलं?"

"तूच. गेल्या रविवारी. मी इथे बसले होते, तू खिडकीत. चांगला दीड तास बोलत होतीस."

उत्पलाने चमचा खाली ठेवला. रविवार तिला आठवत नव्हता. विषय ओळखीचा वाटत होता, पण तो दोन वर्षांपूर्वी वाचलेला. खिडकीत बसून बोललेलं एकही वाक्य तिच्याजवळ नव्हतं. तिने मागचे दिवस आठवून पाहिले. काल होता, परवा धूसर होता. त्याआधी काही नव्हतं. घाबरण्याआधी तिला नवल वाटलं. आपण दोन आठवडे जागे होतो, मग ते गेले कुठे?

त्याच दुपारी ती पाषाणला गेली.

प्रयोगाचे प्रमुख डॉ. फिरोज मुजावर साताऱ्याकडचे होते, मऊ बोलणारे. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. "शंका मलाही येत होती," ते म्हणाले, "पण पुरावा नव्हता. तुम्ही चार दिवस इथे राहाल का?"

त्यांनी तिला अनोळखी माणसांचे फोटो दाखवले, प्रत्येकाचं नाव आणि गाव सांगितलं. संध्याकाळी विचारलं तर तिला सगळी नावं येत होती. साठ्यावर जागून दोन दिवस काढल्यावर निम्मी गेली. तिसऱ्या दिवशी तिने एका मिशाळ माणसाच्या फोटोकडे बघून विचारलं, "हे मला आधी दाखवलं होतं?"

"तीन वेळा," मुजावर म्हणाले. "यांच्या मिशांवर तुम्ही विनोदही केला होता."

"चांगला होता का?"

"बरा होता."

ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "दिवसभर जे दिसतं, ऐकू येतं, ते मेंदू आधी एका तात्पुरत्या जागी ठेवतो. ती जागा लहान असते. गाढ झोप लागली की तिथलं एकेक उचलून कायमच्या जागी लावलं जातं. झोपच आली नाही तर नवीन येणारं जुन्यावर पडत राहतं आणि खालचं पुसलं जातं."

"पण मी तर आधीच झोपून ठेवलं होतं."

"तिथेच आम्ही चुकलो. झोप दोन कामं करते. एक म्हणजे सफाई आणि इंधन भरणं. ते आधी करून ठेवता येतं. दुसरं म्हणजे दिवस मुरवणं. उद्याचं जेवण आज पचवून ठेवता येत नाही, तसंच आहे हे. जे अजून घडलंच नाही ते मेंदू आधीच कुठे लावून ठेवणार?"

"मग आधीच्या प्रयोगांत हे कसं लक्षात आलं नाही?"

"चौकीवरच्या जवानाला आम्ही विचारलं, निशाणा चुकतो का. मागच्या मंगळवारी काय जेवलास, हे कोणी विचारलंच नाही." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मी विचारायला हवं होतं. माफ करा. आजपासून नेहमीसारखं झोपा, नेहमीसारखा अभ्यास करा. अजून दोन महिने हातात आहेत."

"आणि उरलेला साठा?"

"तो वर्षभरात हळूहळू जिरून जाईल."

उत्पला निघाली, पण दारात थांबली. "सर, तो वापरण्यासारखं काहीच नाही? म्हणजे असं काही काम, जे करायचं असतं पण लक्षात ठेवायचं नसतं?"

मुजावरांनी चष्मा पुन्हा चढवला. "असं काम मला तरी आठवत नाही," ते म्हणाले. "सापडलं तर मला सांगा."

बसमध्ये ती तेच शोधत बसली. भांडी घासणं? पहारा देणं? दोन वर्षं पुरून ठेवून तिने असा वेळ मिळवला होता, की ज्यातून स्वतःसाठी काहीच घरी नेता येत नव्हतं. तिला रडू यायला हवं होतं. पण तिच्या डोक्यात प्रश्नच इतके होते, की रडायचं राहून गेलं.

*

ती रोज रात्री झोपायला लागली. अभ्यास पुन्हा हळू चालू झाला, पण टिकू लागला. असा आठवडा गेला आणि नागपुरातून प्रबोधचा फोन आला. प्रबोध म्हणजे संघमित्राचा नवरा; तिला सातवा महिना लागला होता.

"उत्पला, ताईचं बीपी एकदम वाढलं. झटके आले. बाळ काढावं लागलं, सातवा पण पुरा नव्हता झाला." तो खोकत होता. "मुलगी आहे. ताई अजून शुद्धीवर नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्पला नागपूरच्या इस्पितळात पोचली. संघमित्रा अतिदक्षता विभागात होती, नळ्यांच्या जाळ्यात. काचेपलीकडून बहिणीचा सुजलेला चेहरा ओळखायला उत्पलाला क्षणभर वेळ लागला. बाळ वरच्या मजल्यावर होतं. तिथल्या नवजात-तज्ज्ञ डॉ. देवयानी बोकारे चटपटीत आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या.

"वजन किलोभर आहे. पेटीत ठेवलंय, पण पेटी पुरेशी नाही. अशा बाळांना श्वास घ्यायचा विसर पडतो. मेंदूचा तो भाग अजून तयार नसतो. कोणीतरी छातीशी धरलं, उघड्या कातडीला कातडी लागली, तर ती त्या माणसाच्या श्वासावर श्वास घेतात. जितके जास्त तास धरू, तितकं चांगलं. पुढच्या काही आठवड्यांत हिचा मेंदू जो बांधला जाईल तो जन्मभराचा."

"आई करते ना हे?"

"आई, बाप, आजी, कोणीही. चार माणसं पाळीपाळीने करतात. तुमच्याकडे आहे कोण?"

कोणीच नव्हतं. प्रबोधला फ्लू झाला होता, त्याला त्या मजल्यावर यायलाच बंदी होती. त्याच्या आईचे हात कंपवाताने हलायचे.

"धरून बसलेल्या माणसाला डुलकी लागली तर?" उत्पलाने विचारलं.

"यंत्र ओरडतं, नर्स धावत येते. पण माणूस जागं असेल तर यंत्राआधी त्याला कळतं. पाठीवर जरा बोट फिरवलं की बाळ पुन्हा श्वास घेतं. मात्र सतत जागं कोण राहणार?"

उत्पला तडक बाहेरच्या व्हरांड्यात आली आणि तिने डॉ. मुजावरांना फोन लावला.

"तुम्ही म्हणाला होतात, काम सापडलं तर सांगा."

मुजावरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पट्टी बांधून ठेवा, ती पाठवेल त्या आकड्यांवरून मी इथून साठ्यावर लक्ष ठेवतो. मी सांगेन तेव्हा थांबायचं, वाद घालायचा नाही. आणि उत्पला, यातलं तुमच्याजवळ काहीही राहणार नाही. ही मुलगी पहिल्यांदा हसली तरी तुम्हाला ते आठवणार नाही. विचार केलात ना?"

"केला."

"परीक्षा?"

"ती त्याच आठवड्यांत आहे."

इस्पितळाच्या फाटकाजवळ प्रबोध तोंडाला मास्क लावून बाकावर बसला होता. त्याने परीक्षेचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "भाऊजी, ताईने मला वाढवलं तेव्हा तिचं कॉलेज सुटलं होतं. मला ते कधी जाणवलंही नाही, मी लहान होते. आता तुम्ही घरी जा आणि ताप उतरेपर्यंत इकडे फिरकू नका."

तिने हात धुतले, इस्पितळाचा पुढून उघडणारा सैल झगा घातला आणि ती आत गेली.

*

पुढचे आठवडे उत्पलाला आठवत नाहीत. जे सांगता येतं ते बाकीच्यांनी पाहिलेलं आहे.

तिला कोपऱ्यात पाठीमागे कलती होणारी खुर्ची दिली होती. नर्स बाळाला तिच्या छातीवर ठेवायची आणि वरून कापडी पट्ट्याने दोघींना एकत्र बांधायची. बाहेरून फक्त लोकरी टोपी दिसायची. उत्पला जेवायला आणि अंघोळीला तेवढी उठायची. पहिल्या आठवड्यात बाळाचा श्वास दिवसातून कितीतरी वेळा थांबायचा. नर्स मंदाताई ढोके सांगतात, की यंत्राचा आवाज होण्याआधीच उत्पलाचं बोट पाठीवर फिरलेलं असायचं. मंदाताई मान वळवून बघायच्या तर ती खाली टोपीकडे बघत पुटपुटत असायची, "घे, घे. विसरू नको."

ती सतत बोलायची. बाळाला काय सांगावं ते सुचायचं नाही, म्हणून जे डोक्यात होतं ते सांगायची. मूलभूत हक्क, राज्यपालांचे अधिकार, वैनगंगेच्या उपनद्या. एकदा डॉ. बोकारे तपासायला आल्या तर पंचायत राज चालू होतं. त्या थांबून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढी तयारी झाली होती तर परीक्षेला जायचं होतं ना."

"आज तारीख काय?" उत्पलाने विचारलं.

परीक्षा आदल्या दिवशीच संपली होती. डॉ. बोकारेंनी तिला ते सांगितलं. तिने बाळाची टोपी नीट केली आणि विचारलं, "हिचं आजचं वजन किती?"

तेच प्रश्न ती पुन्हा पुन्हा विचारायची. श्वास थांबतो म्हणजे मेंदूत नेमकं काय होतं? हिला अंधार-उजेड कळतो का? मंदाताई दर वेळी नव्याने उत्तर द्यायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "तुला कंटाळा नाही येत गं?" तेव्हा ती म्हणाली, "मला रोज ही नवीनच दिसते."

ताप उतरल्यावर प्रबोध खाली संघमित्रापाशी बसून असायचा. याच काळात ती शुद्धीवर आली. आधी बोटं हलली, मग डोळे, मग अडखळत शब्द. उठून बसायलाच तिला कितीतरी दिवस लागले. अखेर तिला चाकाच्या खुर्चीवरून वर आणलं, त्याच दिवशी पुण्याहून मुजावरांचा फोन आला, साठा तळाला लागला आहे, आता थांबा. उत्पलाने वाद घातला नाही. पट्टा सोडला, बाळ बहिणीच्या हातात दिलं आणि शेजारच्या खोलीत जाऊन ती आडवी झाली.

*

ती जागी झाली तेव्हा खिडकीत ऊन होतं आणि डॉ. मुजावर स्वतः खुर्चीत बसून पेपर वाचत होते. ते पुण्याहून आले होते. तीन दिवस ती झोपली होती, असं त्यांनी सांगितलं.

"काय आठवतं?"

तिने शोधून पाहिलं. "भाऊजींचा फोन. नागपूरची गाडी. गाडीत डोळा लागला ते." पुढे पांढरी भिंत होती, आणि भिंतीच्या अगदी शेवटी एक तुकडा. "ताईचे हात. त्यात मी काहीतरी ऊबदार ठेवलं. तेवढंच."

"तो शेवटचा दिवस. तुम्ही झोपलात म्हणून तेवढा राहिला."

"बाळ?"

"चला ना. बघूनच या."

वॉर्डच्या दारात ती अडखळली. आत जायला तिला संकोच वाटत होता. दूरच्या नात्यातल्या कोणाचं मूल बघायला यावं तशी ती दारातच थांबली. संघमित्रा पलंगावर बसली होती आणि तिच्या मांडीवर एक लालबुंद मुलगी पाय झाडत रडत होती. चांगली गुटगुटीत होती. मंदाताई खुळखुळा वाजवत होत्या, संघमित्रा थोपटत होती, कशाचाच उपयोग होत नव्हता. त्या चेहऱ्यातलं काहीच उत्पलाच्या ओळखीचं नव्हतं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "हिचं नाव काय ठेवलं?"

रडणं थांबलं. हुंदका अर्ध्यावर राहिला. मुलीने मान वळवली. अजून मान नीट धरताही येत नव्हती, तरी ती डगमगत दाराच्या दिशेने वळली आणि तिथेच राहिली. डोळे विस्फारलेले, ओठ अर्धवट उघडे.

मंदाताईंच्या हातातला खुळखुळा थांबला.

"पुन्हा बोला," मुजावर कुजबुजले. "काहीही."

"काय बोलू?" उत्पला म्हणाली, आणि मुलीचे दोन्ही पाय हलले.

डॉ. बोकारे मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. मुजावरांनी त्यांना विचारलं, "ही दिवसातून किती झोपायची?"

"एवढ्या दिवसांची बाळं वीस तास झोपतात. ही उत्पलाच्या छातीवरच झोपायची. क्षणभर जागी, की पुन्हा झोप."

"म्हणजे मुरलं," मुजावर म्हणाले. ते स्वतःशीच बोलत असावेत. "मावशीचं नाही मुरलं. बाळाचं मुरलं. रोजच्या रोज." ते खिशात पेन शोधू लागले आणि मग तसेच थांबले.

संघमित्राने मुलीला पुढे केलं. "धर ना. घाबरतेस कशाला?"

उत्पलाने हात पुढे केले. मुलगी हातात येताच तिच्या खांद्याच्या खोलगट जागी नेमकी जाऊन बसली आणि गाल टेकवून श्वास घेऊ लागली. ती जागा तिला माहीत होती. उत्पलाला माहीत नव्हती. आपल्याच शरीरावरची ती जागा उत्पलाला एका परक्या मुलीने दाखवली. तिचे डोळे भरले आणि त्याच वेळी तिला हसूही आलं.

तिने मान वाकवून त्या छोट्या कानाशी विचारलं, "काय काय झालं गं आपलं? सांग की मला."

"अगं, आधी बोलायला तर लागू दे तिला," संघमित्रा म्हणाली. आवाज अजून खरखरीत होता, पण हसरा होता.

"लागू दे," उत्पला म्हणाली. "मी आहे इथे."